बाबांचा खांदा आणि माझी डेडलाइन

परवा बाबांनी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून चहाचा डबा काढला. उजव्या हाताने. आई ओट्यापाशी थबकली, मी मोबाईल खाली ठेवला. टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी राहिल्या! तुम्ही म्हणाल, डबा काढण्यात एवढं काय ग्रेट? सांगते. ऑपरेशननंतर त्या फळीपर्यंत हात पोहोचायला आठ महिने लागले. आणि त्याआधीचे चौदा महिने आम्ही, म्हणजे खरं तर मी, वाया घालवले.

झालं असं. दिवाळीची साफसफाई, माळा, स्टूल आणि "मला येतं गं सगळं" म्हणणारे साठी ओलांडलेले बाबा. पाय घसरला, पडताना उजवा हात टेकला. मुका मार असेल म्हणून शेक, बाम, पेनकिलर. पण दुसऱ्या दिवसापासून हात खांद्याच्या वर जाईना. रात्री त्या कुशीवर वळले की जाग. आई फोनवर सांगायची, मी म्हणायची, "या वीकएंडला नक्की दाखवू." मग कधी कव्हर स्टोरी, कधी कुणाचं लग्न, कधी मैत्रिणींबरोबर गोवा. मध्ये एकदा ओळखीतल्या एका डॉक्टरांनी "फ्रोझन शोल्डर असेल" म्हटलं आणि मला तर सुटल्यासारखंच झालं. शेवटी बाबांना शर्टाच्या बाहीत हात घालता येईना, तेव्हा एमआरआय झाला. रिपोर्ट : रोटेटर कफ टेअर.

"अगं बाई, खांद्यात कफ कसा झाला?" आईचा पहिला प्रश्न.

हसू नका, मला तरी कुठे माहीत होतं! तर फंडा असा : खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे टेंडन्स, त्या चेंडूला शर्टाच्या कफसारख्या वेढून जागेवर धरून ठेवतात. त्यातली वरची, सुप्रास्पायनेटस, सगळ्यात जास्त वेळा फाटते. बाबांचीही तीच. हाडापासून सुटून आत ओढली गेलेली.

"दुर्बिणीतून करतात ना? मग महिन्याभरात ओके?" मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, "हाडात अँकर बसवून कंडरा जागेवर बांधणं हे माझं काम. ती हाडाला धरेल की नाही, हे ठरवणारे बाकीचे बरेच आहेत."

हे बाकीचे कोण? पत्रकार ना मी, शोधायला बसले.

पहिला भेटला बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. फाटलेली सुप्रास्पायनेटस शिवल्याच्या दोन केसेस या सर्जनने १९११ मध्ये प्रसिद्ध केल्या. पण माणूस गाजला तो दुसऱ्याच वेडापायी. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं, हे वर्षभराने तपासायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलातल्या ३३७ पेशंटचा हिशोब त्याने छापला, आणि त्यात १२३ चुकाही प्रामाणिकपणे मोजून दाखवल्या. सहकाऱ्यांना हे किती आवडलं असेल, कल्पना करा!

कॉडमनचा प्रश्न पुढच्या सर्जननी खांद्याला लावला, तेव्हा उत्तरं चक्रावणारी आली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका टीमने, मोठी फाट दुर्बिणीतून शिवलेल्या १८ पेशंटचे खांदे सोनोग्राफीने तपासले. १७ जणांची कंडरा पुन्हा उघडलेली! गंमत म्हणजे, वर्षभरानंतर त्यातल्या बहुतेकांचं दुखणं कमी होतं आणि हात चांगला चालत होता. दुसऱ्या वर्षी मात्र ही सुधारणा थोडी घसरली. म्हणजे "ऑपरेशन सक्सेसफुल" या दोन शब्दांत दोन वेगळे प्रश्न लपलेत : कंडरा जुळली का, आणि माणसाला बरं वाटलं का?

जुळण्याचं गणित वयावर बरंच अवलंबून. २००५ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात ६५ खांद्यांपैकी ७१ टक्के पूर्ण जुळले. पण पासष्टीपुढच्या पेशंटमध्ये हाच आकडा ४३ टक्क्यांवर आला. हे ऐकून बाबा सर्जनना म्हणाले, "सचिनचं मार्च २००६ मध्ये खांद्याचं ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरात त्याने वेस्ट इंडिजला नाबाद १४१ ठोकल्या की!" सर्जन शांतपणे म्हणाले, "काका, तो तेव्हा ३२ वर्षांचा होता." विषय संपला.

वयाच्या जोडीला फाटीचा आकार. आणि तिसरी गोष्ट, जिने माझी झोप उडवली : चरबी. कंडरा सुटली की तो स्नायू बेकार बसतो, आक्रसतो आणि हळूहळू त्यात चरबी शिरते. स्कॅनवर तिची ० ते ४ अशी श्रेणी लावतात. ३ म्हणजे स्नायूइतकीच चरबी, ४ म्हणजे स्नायूपेक्षा जास्त. बाबांची होती २. आणि एकदा शिरलेली ही चरबी टाके घालूनही सहसा परत जात नाही.

"आधी आलो असतो तर?" मी विचारलं.

"पडून अचानक फाटलं असेल तर लवकर आलेलं बरं. पण यातली किती चरबी आधीची आणि किती या चौदा महिन्यांतली, हे आता कोणी सांगू शकत नाही." ते मला दिलासा देत होते. मला तो नीट घेता आला नाही.

वय, आकार, चरबी हे तर हातातून गेलेलं. मग हातात काय? साखर. डायबिटीस आटोक्यात नसेल तर जुळणं मंदावतं, सांधा आखडण्याची आणि इन्फेक्शनची भीती वाढते. बाबांची तीन महिन्यांची सरासरी साखर पाहून सर्जननी ऑपरेशनच पुढे ढकललं. दुसरी, सिगारेट. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्या कंडरेला आधीच रक्त कमी. "मी नाही ओढत," बाबा म्हणाले. आई फक्त बघत राहिली. रोज संध्याकाळचं "जरा फिरून येतो" टपरीपर्यंतच होतं, हे त्या दिवशी उघड झालं.

तिसरी, सर्वांत कठीण गोष्ट : धीर. सहा आठवडे हात स्लिंगमध्ये. चौथ्या आठवड्यात दुखणं थांबलं आणि एका सकाळी बाबा स्लिंग काढून स्कूटर स्टँडवरून उतरवताना सापडले. कशासाठी? कोथिंबीर! फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्याच वयाची, पण तिने जी शाळा घेतली! "काका, दुखत नाही म्हणजे जुळलं असं नाही." पुन्हा फाटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच जास्त असतो, आणि दुखणं त्याच्या कितीतरी आधी पळून जातं. मग तिने व्यायाम शिकवला : वाकायचं आणि हात लंबकासारखा सैल झुलू द्यायचा. त्याचं नाव? कॉडमनचा व्यायाम. आमचा बोस्टनवाला थेट आमच्या हॉलमध्ये!

आता लगेच "म्हणजे खांदा दुखला की ऑपरेशन" असं समजू नका हं. न पडता, वयोमानाने झिजून फाटलेल्या खांद्यांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. ४५२ जणांना आधी फक्त फिजिओथेरपी दिली. दोन वर्षांत त्यातल्या पाव हिश्शाहूनही कमी लोकांना ऑपरेशन करावं लागलं. कोणाला लागेल, याचा सगळ्यात पक्का अंदाज फाटीच्या आकारावरून येत नव्हता. "फिजिओथेरपीने मला फरक पडेल" असं वाटणारे आणि न वाटणारे, यावरून येत होता. म्हणून सर्जनकडे जाताना चार प्रश्न लिहून न्या : ही फाट पडल्याची की झिजेची? स्नायूत चरबी किती? आधी फिजिओथेरपी चालेल का? आणि आमच्या केसमध्ये "बरं होणं" म्हणजे नक्की काय?

आमच्या केसमध्ये ते असं आहे. सहा महिन्यांनंतरच्या सोनोग्राफीत कंडरा जुळलेली दिसली. रात्रीची झोप परत आली. शर्ट घालता येतो, चहाचा डबा काढता येतो. पाण्याने भरलेली बादली त्या हाताने उचलता येत नाही, आणि पूर्वीची ताकद सगळी परत येईल असं कोणी म्हणत नाही. बाबा म्हणतात, "चालतंय गं, डावा आहे की." ते असं म्हणाले की मी उठून बादली उचलते.

तर दोस्तांनो, आज रात्री घरी फोन कराल ना, तेव्हा "जेवलात का?" झाल्यावर आणखी एक विचारा : "हात वर जातो का?" उत्तर "अरे, मुका मार आहे, जाईल हळूहळू" असं आलं, तर वीकएंडची वाट बघू नका. उद्याची सुट्टी टाका. डेडलाइन पुढे ढकलता येते, हे माझ्याकडून लेखी घ्या.