घोड्यावर बसण्याआधी खरे वजन सांगा

आइसलँडच्या सहलीत धबधबे, हिमनद्या आणि ध्रुवीय प्रकाशाच्या जोडीला हमखास सुचविली जाणारी गोष्ट म्हणजे वाटाड्यासोबतची घोडेस्वारी. ती दोन तासांची असते, लाव्हाच्या खडबडीत मैदानातून जाणारी. किंवा सहा-सात दिवसांची, लांगयोकुत्ल आणि होफ्सयोकुत्ल या हिमनद्यांच्या मधून जाणाऱ्या क्योलुर या जुन्या वाटेवरची. नोंदणी करताना एक फॉर्म येतो. उंची किती, वजन किती, घोड्यावर बसण्याचा अनुभव आहे का, काही आजार आहे का, अलीकडे दुसरीकडे कुठे घोड्यांच्या संपर्कात आला होता का, असे त्यात विचारतात. घरबसल्या, चहाच्या घोटाबरोबर हा फॉर्म भरला जातो आणि वजनाच्या रकान्यात लग्नाच्या वेळचा आकडा जातो. अनुभवाच्या रकान्यात माथेरानच्या दोन फेऱ्या 'थोडाफार अनुभव' म्हणून जमा होतात.

हे प्रश्न म्हणजे विम्यासाठीची औपचारिकता नव्हे. प्रत्येकामागे शरीरशास्त्र आहे आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वजनाचाच आहे. तिथे मारलेली थाप घोड्याच्या पाठीला तर भोवतेच, बसणाऱ्याच्याही अंगाशी येऊ शकते.

आइसलँडचा घोडा मराठी माणूस पाहताक्षणी तट्टू म्हणेल. खांद्याशी उंची साधारण १३० ते १४५ सेंटिमीटर, वजन ३३० ते ३८० किलो. तिथले लोक मात्र त्याला घोडाच म्हणतात, आणि तट्टू म्हटलेले त्यांना रुचत नाही. नवव्या-दहाव्या शतकात नॉर्वेतून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आपल्या होड्यांतून आणलेल्या घोड्यांचा हा वंश. चाल, दुडकी आणि दौड यांखेरीज त्याला 'टोल्ट' नावाची चाल येते. चारही पाय एकामागोमाग एक पडतात, एक तरी पाय सतत जमिनीवर असतो, त्यामुळे पाठ फारशी उसळत नाही. आपल्या मारवाडी घोड्याच्या 'रेवाल' चालीची आठवण व्हावी अशी ही चाल. तिचे मूळ २०१२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांना डीएमआरटी३ या जनुकातील बदलात सापडले. मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी पायांच्या हालचालींचा मेळ घालतात, त्यांच्या घडणीत या जनुकाचा हात आहे. याच चालीमुळे नवख्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत वाटू लागते, की आपल्याला घोडेस्वारी जमली. खरे तर ती घोड्याला जमलेली असते.

आता हिशेब करू. घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत भार वाहावा, हा जुना ठोकताळा आहे. ३५० किलोच्या घोड्याला तो ७० किलो येतो. यात फक्त माणूस मोजायचा नसतो. खोगीर, बूट, थंडीचे कपडे, रेनकोट, पाण्याची बाटली, कॅमेरा, सगळे त्यात येते. घरच्या काट्यावर ७८ किलो भरणारा गृहस्थ या सगळ्यासकट सहज ९० किलोंचा होतो, म्हणजे घोड्याच्या वजनाच्या जवळपास २६ टक्के. फॉर्ममध्ये त्याने ७० लिहिले असेल, तर त्याला मिळालेला घोडा ७० किलोंच्या माणसासाठी निवडलेला असतो.

हा ठोकताळा किती पक्का, याचीही तपासणी झाली आहे. अमेरिकेत ओहायो येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकून पाहिला. २५ टक्क्यांपासून पुढे हृदयाचे ठोके जास्त वाढलेले आणि पाठीचे स्नायू अधिक ताठरलेले, दुखरे आढळले. कमरेशी रुंद असलेल्या घोड्यांना त्रास कमी झाला. आइसलँडच्या घोड्यांवर वेगळा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. टोल्ट चालीत भार वाढवीत नेला, तेव्हा रक्तात लॅक्टेट साचू लागण्याचा, म्हणजे दमछाक सुरू होण्याचा टप्पा सरासरी २३ टक्क्यांच्या आसपास आला. लक्ष द्यावे ते घोड्याघोड्यांतील फरकाकडे. कुणी १७ टक्क्यांनाच त्या टप्प्याला पोहोचला, तर कुणी २७ टक्क्यांपर्यंत टिकला. दोन्ही प्रयोग लहान आणि थोड्या वेळाच्या धावेचे. पाच तासांच्या वाटेला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण एक गोष्ट त्यांतून निघते: कोणता माणूस कोणत्या घोड्यावर, हा निर्णय त्या घोड्याला ओळखणाऱ्यानेच घ्यायचा असतो, आणि त्यासाठी त्याच्या हाती खरा आकडा हवा.

यावर आक्षेप ठरलेला आहे. आइसलँडचे धिप्पाड शेतकरी दर सप्टेंबरला डोंगरांतून मेंढ्या हाकून आणायला याच घोड्यांवर दिवसच्या दिवस काढतात, मग चार तास बसणाऱ्या पर्यटकालाच हा जाच का? आक्षेप बिनबुडाचा नाही. पण तो शेतकरी लहानपणापासून घोड्यावर आहे, त्याचा तोल घोड्याच्या तोलाशी जुळलेला असतो. नवखा माणूस खोगिरावर आपटतो, एका बाजूला कलतो, लगामाला लोंबकळतो. कडेवरचे मूल शांत असते तेव्हा त्याचे ओझे जाणवत नाही. तेच हट्टाने मागे झुकले की हात भरून येतो. वजन तेवढेच, भार वेगळा. शिवाय लांबच्या वाटेवर आइसलँडमध्ये बिनस्वाराचे घोडे कळपाने सोबत धावत असतात आणि स्वार दिवसातून दोन-तीनदा घोडा बदलतात. कमी सामान आणि चपळ हालचाल यासाठी ओळखल्या जाणाऱ्या मराठा घोडदळालाही हे गणित नवे नव्हते. दख्खनचा भीमथडी घोडा काही मोठा नव्हता. त्याच्यावरचे ओझे बेताचे होते.

पाठ घोड्याची, तसे डोके माणसाचे. घोडा बुटका असला, तरी त्यावर बसलेल्याचे डोके जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास असते. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी २३-२४ किलोमीटर असतो. घोडा पळत असेल तर त्याचा वेग वेगळा. आणि आइसलँडमध्ये खाली असतो तो थिजलेला लाव्हा. अमेरिकेतील ट्रॉमा केंद्रांच्या २००३ ते २०१२ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा खेळताना मेंदूला इजा झालेल्या प्रौढांपैकी सुमारे ४५ टक्के जण घोडेस्वारीशी संबंधित निघाले. अमेरिकी फुटबॉलच्या धडकाधडकीवर एवढी चर्चा होणाऱ्या देशातला हा आकडा आहे. हेल्मेट मानेला किंवा मणक्याला वाचवीत नाही, पण कवटीला वाचविते. फोटोसाठी ते दोन मिनिटे काढून ठेवण्याचा मोह नेमका घोडा थांबलेला असताना होतो, आणि थांबलेला घोडाही दचकतो. घोडा हे मुळात शिकार होणारे जनावर. त्याला दोन्ही बाजूंचे दूरवर दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. पाठीवर बसलेल्याने अचानक फडफडता रेनकोट काढला, की त्याच्या मेंदूला तिथे एकच अर्थ लागतो.

म्हणून आजारांचा रकानाही खरा भरावा लागतो. या सहलींना पन्नाशी-साठी ओलांडलेली मंडळी मोठ्या संख्येने जातात. त्यांतील कुणी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतो, कुणाची हाडे ठिसूळ झालेली असतात, कुणाच्या कमरेची चकती सरकलेली असते. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असलेल्या माणसाच्या डोक्याला बसलेला साधा मारही आत रक्तस्राव घडवू शकतो. आणि उंच पठारावरच्या वाटेवर रुग्णालय काही हाकेच्या अंतरावर नसते. अशांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि डॉक्टर नको म्हणाले तर घोड्यांचा कळप कुंपणाशी उभे राहून पाहावा. तोही देखणा असतो. गर्भवतींनी तर हा विषय पुढच्या सहलीवर ढकलावा. धनुर्वाताच्या लशीची मात्रा केव्हा घेतली होती, तेही सर्वांनीच आठवून पाहावे. त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत सापडतात.

राहिला तो सर्वांत विचित्र वाटणारा प्रश्न, दुसरीकडच्या घोड्यांच्या संपर्काचा. त्याचे उत्तर बेटाच्या इतिहासात आहे. ९८२ साली तिथल्या लोकसभेने, अल्थिंगने, बाहेरून घोडे आणण्यास बंदी केली असे परंपरेने सांगितले जाते. साल वादाचे असेल, बंदी मात्र आजही लागू आहे. इतकेच नव्हे, स्पर्धेसाठी किंवा विक्रीसाठी एकदा देशाबाहेर गेलेला आइसलँडचा घोडा पुन्हा मायदेशी येऊ शकत नाही. शेकडो वर्षांच्या या एकांतामुळे घोड्यांच्या इन्फ्लूएन्झासारखे जगभर फिरणारे रोग तिथे रुजलेलेच नाहीत. त्याची दुसरी बाजू अशी, की त्या घोड्यांच्या शरीराला या रोगांची ओळखही नाही. परदेशी गेलेल्या अनेक घोड्यांना तिथल्या बारीक चावऱ्या माश्यांमुळे अंगभर खाज सुटते. त्या माश्यांशीही त्यांचा कधी संबंध आलेला नसतो.

ही भीती किताबी नाही. २०१० च्या वसंतात आइसलँडचे घोडे खोकू लागले. साधारण ८० हजार घोड्यांच्या देशात जवळजवळ सगळे कळप काही महिन्यांत आजारी पडले. निर्यात थांबवावी लागली आणि त्या उन्हाळ्यातला राष्ट्रीय अश्वमेळावा, लांड्समोट, पुढच्या वर्षावर ढकलावा लागला. आधी संशय विषाणूवर होता. जनुकीय तपासाअंती दोषी निघाला स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस या जिवाणूचा एक वाण, आणि त्याच्या फैलावाचा माग काढता काढता संशोधक पोहोचले ते प्रशिक्षण केंद्रातल्या पाण्याच्या ट्रेडमिलपाशी. निरनिराळ्या पागांतील घोडे तिथे व्यायामाला येत आणि त्याच पाण्यातून चालत. एवढ्याशा सामायिक पाण्याने देशभराची घोडेस्वारी बंद पाडली.

म्हणून वापरलेले खोगीर, लगाम, चाबूक, चामड्याचे हातमोजे आइसलँडमध्ये नेता येत नाहीत. घोड्यांजवळ वापरलेले कपडे धुऊन आणि बूट साफ करून, जंतुनाशक लावून, पूर्ण वाळवूनच न्यावे लागतात. पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसताना घातलेले बूट तसेच बॅगेत कोंबून निघणाऱ्याला हा नियम लागू आहे, आणि त्याला तो माहीत असण्याची शक्यता फार थोडी. ग्लँडर्स हा घोड्यांचा प्राणघातक रोग २००६ मध्ये महाराष्ट्रातील घोड्यांतही आढळला होता. तो दूषित पाण्याच्या हौदातून, दाण्यापाण्यातून, सरंजामातून पसरतो आणि माणसालाही होऊ शकतो. सहल विकणाऱ्यांनी व्हिसाच्या कागदपत्रांच्या यादीखाली बुटांबद्दलची ही ओळ छापायला हरकत नसावी. 'अनुभवाची गरज नाही' हे मात्र ठळक छापलेले असते.

थोडाफार अनुभव म्हणून जे सांगितले जाते, त्याचीही झाडाझडती घ्यायला हवी. माथेरानला मोटारी आत नेता येत नाहीत, त्यामुळे घोडा तिथे गरजेचा. पण तिथे घोडेवाला दोरी धरून सोबत चालतो. पर्यटक फक्त बसलेला असतो. आइसलँडमध्ये लगाम स्वतःच्या हाती येतो आणि वाटाडा दहा घोडे पुढे असतो. या दोन्हींत रिक्षात बसणे आणि रिक्षा चालविणे एवढा फरक आहे. फॉर्ममध्ये 'नवखा' लिहिले तर शांत घोडा आणि हळू जाणारी तुकडी मिळते. यात कमीपणा कसला?

आणि परदेशातला फॉर्म बारकाईने भरणारा माणूस आपल्याच थंड हवेच्या ठिकाणी काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. तिथे वजन कुणी विचारत नाही, हेल्मेट मागितले तर मिळेलच असे नाही, आणि आधीच्या फेरीहून घामेजून आलेल्या घोड्यावर बाप आणि लेक दोघे बसतात. याचा दोष एकट्या घोडेवाल्यावर ढकलणे सोपे आहे. त्याचे पोट हंगामाच्या मोजक्या महिन्यांवर चालते आणि गिऱ्हाईक नाकारले की ते शेजारच्याकडे जाते. आइसलँडमध्ये बऱ्याच ठिकाणी ११० किलोंच्या आसपास वजनाची मर्यादा असते, लांबच्या वाटेला त्याहून कमी. ती सगळेच थोड्याफार फरकाने पाळतात, म्हणून कुणा एकाचे गिऱ्हाईक तुटत नाही. इथेही मर्यादा ठरायची तर ती स्थानिक घोड्यांच्या वजनावरून, पशुवैद्यकांनी आणि घोडेवाल्यांच्या संघटनांनी एकत्र बसून ठरवायला हवी, आणि ती सर्वांना सारखी लागू हवी. दस्तुरी नाक्यावर एक वजनकाटा आणि शंभरेक हेल्मेटे ठेवायला येणारा खर्च नगरपालिकेला पेलणार नाही, असा नाही. काट्यावर आधी कोण उभे राहणार, यावरून रांगेत थोडी चेष्टामस्करी होईल, एवढेच.