आरटीई प्रतीक्षा यादीत १८वा नंबर. प्रवेश मिळणार का, हे पालकांना कळणार कसं?

'वेटिंगला १८वा नंबर आहे, लागेल का हो?' आरटीई सोडतीची बातमी टाकली की डेस्कवर असे मेसेज सुरू होतात. खरं उत्तर एकच, सांगता येत नाही. माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

आधी नियम. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी (अल्पसंख्याक शाळा वगळून) प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या. शाळेत नर्सरी असेल तर तिथेही. अर्ज ऑनलाइन, शाळा जास्तीत जास्त १०. घर १ किमीच्या आत असेल त्यांना आधी संधी, मग १ ते ३ किमीवाल्यांना. अर्ज जास्त, जागा कमी, तिथे सोडत.

'सगळा नशिबाचा खेळ' म्हणून सोडतीला नावं ठेवली जातात. मला ती पटते. 'आधी येईल त्याला जागा' ठेवलं तर ज्याला कामावरून सुट्टी मिळते आणि घरी वाय-फाय आहे तोच जिंकणार. मुलाखत ठेवली तर परीक्षा आईबापाच्या इंग्रजीची. रँडम नंबरला आडनाव कळत नाही.

गडबड सोडतीनंतर होते. निवड झालेल्या काहींना शाळा लांब पडते, काहींचा उत्पन्नाचा दाखला अडतो. जागा सुटतात, यादी सरकते. पण किती सरकली? १८व्या नंबरच्या घरात तेव्हा वेगळाच हिशेब चालू असतो: उसने पैसे काढून गल्लीतल्या नर्सरीची फी भरायची की थांबायचं? भरली आणि नंतर नंबर लागला, तर ती फी गेलीच समजा.

बोस्टनने २००५ मध्ये शाळाप्रवेशाची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत पहिली पसंती हुकली की चांगल्या शाळा तोवर भरलेल्या असत. म्हणून पालक आवडती नव्हे, 'लागेल ती' शाळा पहिली लिहीत. नव्या पद्धतीचा पाया गेल आणि शॅप्ली यांचा १९६२चा अल्गोरिदम. (इंजिनीअरिंगला आम्ही असले अल्गोरिदम मार्कांपुरते केले.) नियम लपवाछपवीचा असला की पालकांनाही जुगार खेळावा लागतो.

आपल्याकडे सोपं काम बाकी आहे. प्रतीक्षा क्रमांकाशेजारी दोन आकडे दाखवा: या शाळेत आज किती जागा रिकाम्या, आणि गेल्या वर्षी यादी कितव्या नंबरपर्यंत गेली. प्रवेशाच्या नोंदी ऑनलाइनच होतात, मग हे अवघड का असावं?

तोवर एसएमएसच्या भरवशावर राहू नका. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून रोज स्थिती पाहा आणि कागदपत्रांची फाइल तयार ठेवा. मुदत हुकली की जागा पुढच्याला जाते.