गावठी शेळीला रिंगणात येऊ द्या

जनावरांच्या प्रदर्शनात शेळीचा फॉर्म भरायला गेलं की पहिला रकाना जातीचा. 'उस्मानाबादी' लिहिलं तर काम पुढे सरकतं. 'गावठी' लिहिलं की टेबलामागचा माणूस पेन खाली ठेवतो. परभणी जिल्ह्यात हे मी पाहिलंय आणि मला ते पटत नाही. (जातीचा रकाना आपल्याकडे कुणालाच चुकत नाही म्हणा.)

उस्मानाबादी आपली मानाची शेळी. 2023 मध्ये जिल्हा धाराशिव झाला, ती मात्र अजून उस्मानाबादीच आहे. रंगाने बहुतेक काळी, पण याच जातीत पांढऱ्या, तपकिरी, ठिपक्यांच्याही निघतात. तरी कबरी दिसली की लोक लगेच तिला मिश्र ठरवतात. देवणी गाईच्या बाबतीत असं होत नाही. पूर्ण पांढरी ती बालंक्या, पांढऱ्या अंगाची नि काळसर तोंडाची वानेरा, काळी-पांढरी ठिपक्यांची शेवरा. तिन्ही देवणीच. ही नावं गुराख्यांनी दिली, कागदावर ती नंतर चढली.

पूर्णाथडी म्हशीचंही तेच. ही पूर्णा आपली नव्हे, विदर्भातली. तिकडच्या भुरकट म्हशी लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत होते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्यांना स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं ते अगदी अलीकडे. देशात बिननावाचं जनावर उरू नये अशी मोहीमही 2021 पासून चालू आहे. मग जनावर लोकांसमोर येण्याची सगळ्यात सोपी जागा, म्हणजे प्रदर्शन, तिथेच त्याला अडवायचं कशाला?

अमेरिकेत सशांची प्रदर्शनं भरतात. नियम कडक. मान्यता नसलेल्या रंगाच्या सशाला बक्षीस नाही. पण वाट ठेवलेली आहे: पैदास करणाऱ्याने आधी प्रमाणपत्र घ्यायचं, मग संघटनेच्या अधिवेशनात ससे परीक्षकांपुढे मांडायचे. तीनदा पसंत पडले की मान्यता.

बक्षीस मिळालेल्या बोकडाला बकरी ईदच्या बाजारात भाव चढतो, त्याच्या करडांनाही. गावठी शेळ्या पाळणारे बहुतेक भूमिहीन, त्यातही बायका जास्त. हा भाव त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. कुर्बानीला शरीयत जनावराचं वय विचारते. ते आंधळं, लंगडं, आजारी, हाडकुळं नाही ना, एवढं पाहते. जात विचारत नाही. पैगंबर साहेबांनी कुर्बान केलेले दोन मेंढे हदीसमध्ये काळ्या-पांढऱ्या मिश्र रंगाचे आणि शिंगांचे सांगितलेत.

शुद्ध जात टिकवू नका असं मी म्हणत नाही. ईदसाठी उंच बोकड हवा म्हणून सिरोही, बीटलचा संकर वाढतोय; त्यात उस्मानाबादी हरवायला नको. तिचा गट वेगळाच ठेवा. पण शेजारी एक रिंगण 'नोंद नसलेल्या' शेळ्यांचं करा. तिथे रंग बघू नका. वजनकाटा ठेवा, दूध मोजा, किती वेतांत जुळी झाली ते मालकिणीला विचारून वहीत लिहा. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथली पोरं ही वही एका दिवसात भरतील.