विल्सनच्या बापाचे नाव

स्नानसंस्काराच्या नोंदवहीत बाळाचे नाव लिहिण्यापूर्वी आम्ही पालकांना विचारतो, ‘‘या नावाचा अर्थ काय?’’ बहुधा उत्तर येते, ‘‘फादर, ख्रिस्ती नाव आहे.’’ या उत्तराशीच आमचे भांडण आहे.

विल्सन घ्या. हे मुळात नाव नव्हे, आडनाव. अर्थ ‘विलचा मुलगा’. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे, त्या स्कॉटिश मिशनऱ्याचे नाव जॉन. विल्सन हे त्यांचे घराणे. आमच्या सोलापुरात मात्र वडील शांतवन आणि चिरंजीव विल्सन, म्हणजे बापाचे नावच चुकले! डग्लस म्हणजे गेलिक भाषेत ‘काळे पाणी’. कॅमेरॉन म्हणजे ‘वाकडे नाक’. ब्रॅडली म्हणजे रानातली रुंद मोकळी जागा. आजीच्या तोंडी तिची ‘बादली’ होते, ते निराळेच. केल्विन ही तर ग्लासगो शहरातली नदी. विल्यम थॉमसन हा शास्त्रज्ञ १८९२ साली उमराव झाला, तेव्हा त्याने आपल्या किताबासाठी तिचे नाव घेतले. त्याच्यावरून तापमानाचे एकक आले आणि एका फ्रिजचे नावही. सोलापूरच्या उन्हाळ्यात या नावाचा मोह आम्ही समजू शकतो. पण संत आहे तो आयर्लंडचा केविन, केल्विन नव्हे.

मग स्कॉट लोकांत ख्रिस्ती नावे नाहीतच काय? पुष्कळ आहेत, आणि तीच आमच्या बाजूने साक्ष देतात. माल्कम म्हणजे ‘संत कोलंबाचा सेवक’. हा कोलंबा सहाव्या शतकात आयर्लंडहून आयोना बेटावर आला व ५९७ साली तेथेच वारला. त्याला मानणाऱ्यांनी त्याचे दास्य आपल्याच बोलीत नावात गुंफले. गिलख्रिस्ट म्हणजे ‘ख्रिस्ताचा सेवक’. गिलेस्पी म्हणजे ‘बिशपांचा सेवक’. हे नाव कोणी ठेवावे असा आमचा आग्रह नाही. इयान हा त्यांचा योहान. त्या लोकांनी श्रद्धा स्वीकारली, जीभ आपलीच ठेवली. आम्ही त्यांची आडनावे उचलली, त्यांची रीत मात्र उचलली नाही. गिलख्रिस्टचा शब्दशः मराठी अर्थ ख्रिस्तदास. हेच नाव सुचवून पाहा. पालक दबक्या आवाजात म्हणतात, ‘‘फादर, ते हिंदू वाटतं.’’

स्कॉटलंडची संत राणी मार्गारेट १०९३ साली निवर्तली. तिच्या नावाचा ग्रीक अर्थ मोती. तिला मुक्ता म्हटले तर तिचे संतपण कमी होते काय? आयरीन म्हणजे शांती, फेलिक्स म्हणजे आनंदी, थिओडोर म्हणजे देवाचे दान. फादर थॉमस स्टीफन्स हे जातिवंत इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, ते मराठीत. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणताना त्या इंग्रजाची श्रद्धा डगमगली नाही. आमची मात्र ‘शांती’ या नावापुढे डगमगते!

काहीजण म्हणतात, नावावरून माणूस ख्रिस्ती आहे हे कळले पाहिजे. मुद्दा पोकळ नाही. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत नांदणाऱ्या या शहरात नाव पुष्कळ काही सांगते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांची नावे पाहा : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. प्रत्येकाच्या नावात त्याचे घर आहे. तशी ओळख हवी तर मरीया आहे, मार्था आहे, योहान आहे, येशूदास आहे. केल्विनवरून फक्त एवढेच कळते की आपण अजून साहेबाकडे पाहतो.

हा सारा दोष पालकांच्या माथी मारून आम्ही धर्मगुरू सुटत नाही. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायदेसंहितेने ख्रिस्ती नावाची काळजी घ्यायला सांगितली. आमच्यातल्या अनेकांनी ‘ख्रिस्ती’चा अर्थ ‘युरोपी’ असा लावला. १९८३ च्या संहितेचे ८५५ वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव दिले जाऊ नये, याची पालकांनी, धर्ममातापित्यांनी व धर्मगुरूंनी दक्षता घ्यावी. या कलमाखाली शांती अडत नाही, करुणा अडत नाही, ख्रिस्तदास तर नाहीच नाही. सेमिनरीत हे सारे शिकूनही आम्ही वर्षानुवर्षे न विचारता डग्लस आणि ब्रॅडली लिहीत गेलो.

आता विचारतो. नाव नाकारण्याची आम्हांला हौस नाही. पण पुढच्या रविवारी कोणी विल्सन घेऊन आले, तर हा विल कोण, एवढे त्याच्या वडिलांना सांगावे लागेल.