आधी मोजा, मग पाना उचला

आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेतात. गाडी म्हणजे मागे हौदा असलेली पिकअप. गावात, बाजारात, शेताच्या कच्च्या रस्त्यावर ही गाडी अगदी शहाण्यासारखी वागे. पण मुंबई-आग्रा महामार्गाला लागून वेगाचा काटा 75 च्या पुढे सरकला की तिला हुडहुडी भरे! सीट थरथरे, हौद्याचा पत्रा घुमू लागे. काटा 70 च्या खाली आला की पुन्हा सारे शांत. वाशीला क्रेट उतरवताना तळचे टोमॅटो घासटलेले, पाणी सुटलेले निघत आणि व्यापारी भाव पाडून मागे.

पहिल्या गॅरेजात चाकांचे बॅलन्सिंग करून दिले. दुसऱ्यात टायर झिजल्याचे निदान झाले; चार नवे टायर आले. तिसऱ्या मेस्त्रींनी मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलले. तीन मेस्त्री, तीन अंदाज, तीन बिले, आणि थरथर जशीच्या तशी! यांपैकी एकानेही गाडीत बसून विचारले नाही की ही थरथर सेकंदाला किती वेळा होते?

वाचकहो, माझा सारा आग्रह या एका प्रश्नासाठी आहे. गाडीत फिरणाऱ्या वस्तू अनेक, पण त्या एकाच गतीने फिरत नाहीत. म्हणून थरथरीची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या कळली की गुन्हेगाराचा पत्ता बराचसा लागतो. त्यासाठी लागणारे गणित सातवीतले आहे.

या पिकअपच्या चाकाचा परीघ सुमारे 2.2 मीटर. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर. भागाकार करा. चाकाचे सेकंदाला जवळजवळ 10 फेरे होतात. एंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट मात्र याहून पुष्कळ जलद फिरतो, कारण मध्ये डिफरन्शिअलचे दाते असतात. सपाट जागी एंजिन बंद ठेवून, गिअर काढून गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी हळूच ढकलली आणि बाजूला उभे राहून शाफ्टवरची खडूची खूण पाहिली, तर शाफ्टचे किती फेरे झाले ते कळते. या गाडीत ते जवळजवळ चार भरले. म्हणजे 80 च्या वेगाला चाक 10, तर शाफ्ट 40. एंजिनाचा आकडा तिसराच, आणि तो गिअरवर अवलंबून.

आता चाकाचा दोष केवढा असावा लागतो, तेही पाहू. पावसाळ्यात शेतातून बाहेर पडताना चिखलाचा गोळा रिमच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि वाळून घट्ट बसतो. समजा, तो 60 ग्रॅमचा आहे आणि आसापासून 19 सेंटीमीटरवर आहे. सेकंदाला 10 फेऱ्यांना त्याची केंद्रोत्सारी प्रेरणा सुमारे 45 न्यूटन, म्हणजे साडेचार किलोग्रॅम वजनाइतकी होते. एवढा हिसका चाकाला सेकंदाला दहा वेळा, दर वेळी दिशा बदलत बसतो. वेग निम्मा केला तर हिसका निम्मा होत नाही, चौथाई होतो. कारण ही प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गावात शहाणी वाटणारी गाडी महामार्गावर का बिघडते, याचे अर्धे उत्तर येथे मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर झोक्यात आहे. झोक्याला त्याच्या स्वतःच्या तालावर हलके हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. याला अनुस्पंदन म्हणतात. टायर, पाटे आणि धुरा मिळून होणाऱ्या व्यवस्थेलाही स्वतःचा ताल असतो, साधारणतः सेकंदाला 10 ते 15 कंपनांचा. महामार्गावरच्या वेगाला चाकाचे फेरे नेमके त्या आसपास पोहोचतात. म्हणून चाकाच्या दोषाची थरथर एका ठरावीक वेगाला जोरात येते आणि पुढे गेल्यावर पुष्कळदा कमीही होते. शाफ्टला आधार देणारे भाग, सांगाड्याचे पत्रे यांचे ताल वेगळे, अधिक वरचे.

मग मोजायचे कसे? पहिले उपकरण तुमच्याजवळ जन्मापासून आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे 20 कंपनांच्या खालचे ऐकू येत नाही. त्यामुळे चाकाची दहाची थरथर अंगाला जाणवते, आरशातले चित्र फरकटते, पण तिचा सूर ऐकू येत नाही. शाफ्टची चाळिसाची थरथर मात्र ‘घूंऽऽ’ अशी कानालाही लागते. आमच्या शेजाऱ्यांचा पत्रा घुमत होता, हे आठवते ना? दुसरे उपकरण आज घरोघरी आहे. मोबाइल फोनमध्ये त्वरण मोजणारा संवेदक असतो आणि तो सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक नोंदी घेऊ शकतो. जर्मनीतील आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाने 2016 साली काढलेले ‘फायफॉक्स’ हे ॲप त्या नोंदींवरून कंप्रतेचा आलेख काढून देते, तेही मोफत. एक अट ध्यानात ठेवा. जेवढी कंप्रता मोजायची, तिच्या दुपटीहून अधिक नोंदी दर सेकंदाला हव्यात, नाहीतर आलेख खोटे बोलतो.

आम्ही मोजले. आम्ही म्हणजे गाडी हाकणारे ते आणि शेजारी फोन धरून बसलेला मी. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. निघण्यापूर्वी चाकांचे नट आवळलेले आहेत ना आणि एखाद्या टायरला फुगवटा आला नाही ना, हे पाहून घेतले. सैल चाक किंवा फुगलेला टायर घेऊन 80 च्या वेगाने प्रयोग करणे हा निव्वळ आचरटपणा होय. 80 ला आलेखात एक उंच टोक उभे राहिले, 40 च्या जवळ. 60 ला तेच टोक ठेंगणे होऊन 30 वर सरकले, म्हणजे ते रस्त्यावरच्या वेगाला बांधलेले होते. मग 80 चाच वेग ठेवून पाचव्याऐवजी चौथा गिअर टाकला. एंजिनाचे फेरे वाढले, टोक मात्र 40 वरून हलले नाही. एंजिन सुटले. चाके तर आधीच सुटली होती. उरला शाफ्ट.

तेव्हा कुठे त्या गृहस्थांना आठवले की दोन महिन्यांपूर्वी शाफ्टचा क्रॉस बदलला होता. कारखान्यात शाफ्टचे सगळे भाग जोडून त्याचा तोल साधलेला असतो. म्हणून जाणता मेस्त्री तो सोडवण्याआधी दोन्ही बाजूंवर खूण करतो आणि बसवताना खूण जुळवतो. येथे खूण केली नव्हती, आणि सरकता भाग अर्धा फेरा फिरून बसला होता. तो सोडवून उलटा बसवला. नवा एकही सुटा भाग लागला नाही, आणि त्या रात्री वाशीपर्यंत पत्रा घुमला नाही.

यावर कोणी म्हणेल, मुरलेला मेस्त्री हे सारे तळहाताने ओळखतो. ओळखतो, मी स्वतः पाहिले आहे! पण त्याचा तळहातही मोजतच असतो. सीटवरची थरथर आणि स्टिअरिंगमधली थरथर यांतला फरक त्याने वर्षानुवर्षे मनात टिपलेला असतो. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. विचारपूस न करता पाना उचलणाऱ्याबद्दल आहे, आणि खरे सांगायचे तर त्याहून अधिक आपल्या शाळांतल्या प्रयोगवहीबद्दल आहे.

लंबकाचा प्रयोग घ्या. उत्तर 9.8 यायला हवे, हे वर्गातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. ते आले नाही तर निरीक्षणे खोडून ‘बरोबर’ केली जातात. (मीही केली आहेत.) अशा वहीतून कारण शोधण्याची सवय कशी लागणार? उत्तर ठाऊक नसताना एकेक संशयित वगळत जाणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, ‘हे कधीपासून होते?’ असे विचारणे या गोष्टी अभ्यासक्रमात कुठे बसतात, असे शिक्षक विचारतील. माझ्या मते वर्षातला एक तरी प्रयोग असा असावा, ज्याचे उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नसेल.

त्याला पिकअप लागत नाही. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. पुढचे चाक हलकेच फिरवून आपोआप थांबू द्या. असे पाच-सहा वेळा करा. दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबला, तर जड जागा ती. तिच्या बरोबर समोर, रिमवर, ओल्या मातीचे चिमूटभर गोळे लावत जा, चाक कुठेही थांबू लागेपर्यंत. मग माती काढून तोलून पाहा. वर्गात वीस सायकली असतील तर वीस आकडे येतील. ते मागच्या वर्षीच्या कोणाच्याही वहीत सापडणार नाहीत.