पाइनचा शंकू, हॅरिसनचे घड्याळ आणि उन्हाला ओळखणारी भिंत

१/ पाइन वृक्षाचा वाळलेला शंकू पाण्यात टाकला की काही वेळाने त्याचे खवले मिटतात. सुकला की पुन्हा उघडतात. शंकू केव्हाच मृत झालेला असतो, तरी ही हालचाल चालू राहते. वास्तुकलेने निसर्गाकडून नेमके काय शिकावे, याचे उत्तर मला या शंकूत दिसते.

२/ खवल्यात ऊतींचे दोन थर असतात. ओलाव्याने एक थर दुसऱ्यापेक्षा अधिक फुगतो आणि खवला वाकतो. तेथे ना स्नायू, ना मज्जातंतू.

३/ याच धर्तीची युक्ती धातूत साधली ती इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन याने. १७५९ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या तिसऱ्या सागरी घड्याळात पितळ व पोलाद यांची जोडपट्टी होती. उष्णतेने पितळ अधिक प्रसरण पावते, पट्टी वाकते आणि घड्याळाच्या गतीतील फरक भरून निघतो. पुढे हीच पट्टी थर्मोस्टॅटमध्ये शिरली.

४/ इमारतींनी मात्र वेगळी वाट धरली. १९८७ मध्ये पॅरिस येथे झाँ नुव्हेल व सहकाऱ्यांनी अरब जगत संस्थेची दक्षिण भिंत उभारली. कॅमेऱ्याच्या पडद्यासारख्या झडपांची २४० तावदाने उन्हानुसार उघडझाप करणार होती. कल्पना देखणी होती. पण नाजूक यंत्रणा बिघडत गेली आणि अनेक झडपा वर्षानुवर्षे निश्चल राहिल्या.

५/ २०११ मध्ये लॉस एंजेलिस येथे डोरिस किम सुंग यांनी ‘ब्लूम’ हा मंडप उभारला. जीवशास्त्राकडून वास्तुकलेकडे वळलेल्या सुंग यांनी द्विधातू पत्र्याचे सुमारे १४,००० तुकडे जोडले. ऊन तापले की ते आपोआप वाकत. मोटार नाही, वीज नाही.

६/ आक्षेप रास्त आहे: मंडप म्हणजे इमारत नव्हे, आणि पत्र्याला हुकूम सोडता येत नाही. अबू धाबीच्या अल बहर मनोऱ्यांवरील २०१२ चे पडदे मोटारींवरच चालतात. मोटार हे पाप नव्हे. परंतु प्रत्येक मोटारीमागे देखभालीचा खर्च असतो, आणि तो थांबला की भिंतही थांबते.

७/ म्हणून माझे मत असे: निसर्गाचा आकार उसना घेणे सोपे, त्याची काटकसर अंगी बाणवणे कठीण. मुंबई-पुण्यात काचेच्या भिंती उभारून आत वातानुकूलन यंत्रे घरघरत ठेवणाऱ्या आपण हा भेद ओळखायला हवा. हॅरिसनची पट्टी अडीचशेहून अधिक वर्षे आपल्या हाती आहे. ती भिंतीवर आणण्यास आणखी किती उन्हाळे जावे लागतील?