एका सराव सामन्यावरून पोरांना मोडीत काढू नका

परवा आपल्या रिह्याच्या पोरांनी कबड्डीचा सराव सामना हरला आणि रात्रीच ग्रुपवर निकाल लागला, "संघात दम नाही, कोपरा बदला."

मीही मैदानाच्या कडेला उभा होतो. चुका होत्याच. डावा कोपरा उतावीळपणे पाय धरायला जायचा, बाकीची साखळी मागेच राहायची. समोर सहा-सात जण उभे असताना बोनस मिळतो, पण आपल्या पोरांनी त्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

पण तिघेच उरले असताना दोनदा पकड करून लोण लांबवला, ते कुणी का लिहिलं नाही?

आपल्या शेजारच्या बालेवाडीत खेळणारी पुणेरी पलटणच बघा. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून प्रो कबड्डी जिंकली. पुढच्या हंगामात प्लेऑफलाही पोचली नाही. २०२५ ला पुन्हा अंतिम फेरीत, दिल्लीकडून तीन गुणांनी हार. वर्षभरात एवढं बदलतं, मग चाळीस मिनिटांत पोरांची लायकी कशी ठरवता?

खरा प्रश्न वेगळाच आहे. पोरं मातीत अनवाणी सराव करतात आणि स्पर्धेत बूट घालून मॅटवर उतरतात. पाय वळवायचा अंदाजच चुकतो. ग्रुपवर शिव्यांचे मेसेज ढीगभर, मॅटचा विषय एकानेही काढला नाही.

सराव सामना चुका कळायलाच असतो. पोरांना त्यांच्या कळल्यात. आपल्या कधी कळणार? यंदा जत्रेच्या वर्गणीतून आधी मॅटचं बघू. बघा पटतंय का.